जुना संगणक, टीव्हीचा पडदा आणि आजीसाठी लिहिलेली वाक्यं



तुमच्या घरात एखादा जुना संगणक नक्कीच पडून असेल. कपाटावर, पलंगाखाली, नाहीतर माळ्यावर जुन्या साडीत गुंडाळलेला. भंगारवाला त्याचे दोन-तीनशे रुपये देतो आणि आपल्याला द्यायचं जिवावर येतं, कारण घेताना तीस-पस्तीस हजार मोजलेले असतात. वापरायला काढावा तर सुरू व्हायला दहा मिनिटं. मग तो तसाच पडून राहतो.

आज त्याच संगणकाविषयी लिहिते आहे. तो टीव्हीला जोडून घरचं छोटं थिएटर कसं करायचं, त्याला काय लागतं, किती खर्च येतो, हे आधी सविस्तर सांगते. पण लेख लिहिण्याचं खरं कारण पुढे आहे. या खटाटोपातून आमच्या घरात आणि नंतर माझ्या वर्गात मराठी लेखनाचं एक काम सुरू झालं. मी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. मुलांनी स्वतःहून लिहावं यासाठी आपण किती प्रकार करून बघतो, ते तुम्हाला सांगायला नको.

घरची अडचण

आमच्या सासूबाईंना गेल्या काही वर्षांपासून कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण टीव्हीचा आवाज त्यातून खरखरत येतो म्हणून त्या ते काढून ठेवतात. मशीन काढलं की टीव्हीचा आवाज साठावर. तेवढ्या आवाजात लेकीचा अभ्यास होत नाही, माझं परिपाठाचं टाचण होत नाही. मग "आई, जरा कमी करा" असं दिवसातून दहादा म्हटलं जायचं. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणाऱ्याला ते लागतंच. हळूहळू त्यांनी बाहेर येऊन बसणंच कमी केलं. जेवण झालं की आपल्या खोलीत.

दुसरीकडे लेक मोबाइल घेऊन एका कोपऱ्यात. आमचे हे दुसऱ्या कोपऱ्यात. चार माणसं आणि चार पडदे. तुमच्याही घरी थोडंफार असंच असेल, म्हणून जास्त वर्णन करत नाही.

तेव्हा मनात आलं, की टीव्ही एकच असावा, त्यावर काय लागेल ते आपण ठरवावं, आणि पडद्यावर बोलणं मराठीत लिहून यावं. म्हणजे सासूबाईंना ऐकू आलं नाही तरी वाचता येईल. त्या जुनी चौथी पास आहेत. पोथी अजून चष्मा लावून वाचतात. मालिकांवर आपल्याकडे मराठी अक्षरं सहसा नसतात. पण स्वतःच्या संगणकावरून व्हिडिओ लावला, तर त्याखाली आपण हवी ती वाक्यं लिहू शकतो. हे काम साध्या डिश टीव्हीवर होत नाही, संगणकावर होतं. म्हणून माळ्यावरचा संगणक खाली आला.

आधी तपासणी

आमचा संगणक २०१०चा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज सेव्हन. या विंडोजचे सुरक्षा अपडेट कंपनीने १४ जानेवारी २०२० पासून बंद केलेत. विंडोज टेनचा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे येत्या काळात अनेक घरांत आणि शाळांत बरे चालणारे संगणकही "जुने झाले" म्हणून बाजूला पडतील. ते टाकायच्या आधी हा लेख वाचा, एवढंच म्हणणं.

संगणक उघडण्याआधी वायर भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आतली धूळ मऊ ब्रशने काढा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. एक गोष्ट मात्र कधीही उघडू नका. ती म्हणजे वीजपुरवठ्याचा चौकोनी डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात. वायर काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहू शकते. मुलं शेजारी बसली असतील तर हे त्यांना आधी सांगा.

रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं. दुरुस्तीच्या दुकानात हेच करतात. आमच्या लेकीला हे काम फार आवडलं. रबराने संगणक दुरुस्त होतो, ही बातमी दुसऱ्या दिवशी अख्ख्या शाळेला कळली होती.

संगणक सुरू केल्यावर तारीख चुकीची दिसत असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असं समजा. तिचा नंबर सीआर २०३२, तीन व्होल्टची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. हे किरकोळ वाटतं, पण तारीख चुकीची असली तर बऱ्याचशा वेबसाइट उघडत नाहीत आणि माणूस इंटरनेटला दोष देत बसतो.

काय बदललं, किती खर्च आला

सगळ्यात मोठा फरक पडतो तो हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावर. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई त्यावरून माहिती शोधत हिंडते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. जोडणीची वायर तीच. आमचा संगणक सुरू व्हायला आधी सात-आठ मिनिटं घ्यायचा, आता एक मिनिटाच्या आत सुरू होतो. जुनी हार्ड डिस्क फेकली नाही. तिच्यावर घरचे फोटो आणि व्हिडिओ ठेवले.

आमचा हिशोब असा झाला:

२४० जीबीची एसएसडी १,५५० रुपये
वापरलेली २ जीबी रॅम (म्हणजे एकूण ४ जीबी) ४५० रुपये
टीव्हीला जोडायचा कन्व्हर्टर ४०० रुपये
प्रोसेसरखालची थर्मल पेस्ट १०० रुपये
बॅटरी ३० रुपये
बिनवायरचा कीबोर्ड आणि माऊस ८५० रुपये

एकूण ३,३८० रुपये. तुमच्या गावात थोडंफार कमी-जास्त होईल. रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्या, कारण डीडीआर टू आणि डीडीआर थ्री एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत.

कन्व्हर्टरचं थोडं समजावून सांगते. जुन्या संगणकाला मागे निळ्या रंगाचं व्हीजीए पोर्ट असतं. त्यातून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. टीव्हीला एचडीएमआय असतं, त्यातून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. व्हीजीएचा संदेश ॲनालॉग, एचडीएमआयचा डिजिटल. म्हणून नुसती वायर जोडून चालत नाही, मधे चित्राचं रूपांतर करणारा छोटा डबा लागतो. आवाजाची पिन आणि यूएसबीची वायर असलेला कन्व्हर्टर मागा. पिन संगणकाच्या हिरव्या पोर्टमध्ये जाते. तुमच्या टीव्हीला मागे "पीसी" असं लिहिलेलं व्हीजीए पोर्ट असेल तर याची गरजच नाही. आधी टीव्ही फिरवून बघा आणि मगच पैसे खर्च करा.

आतली प्रणाली

विंडोज काढून आम्ही लिनक्स मिंट टाकलं. त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालते. ती मोफत आहे आणि कायदेशीर आहे. शाळेच्या बाबतीत दुसरा मुद्दा महत्त्वाचा. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती उतरवून घ्यायची, संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा, आणि विचारेल त्याची उत्तरं देत जायचं. आधी "बसवून न घेता चालवून बघा" अशीही सोय असते. आवाज, चित्र, माऊस सगळं चालतंय याची खात्री झाली की मगच पुढे जायचं. आणि हो, जुने फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

चित्रफिती बघण्यासाठी व्हीएलसी पुरेसं आहे. हे सॉफ्टवेअर पॅरिसमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून १९९६ मध्ये सुरू झालं आणि २००१ पासून सर्वांसाठी खुलं झालं. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. विद्यार्थ्यांचा प्रकल्प कुठवर जातो, ते कळतं.

ज्यांना टीव्हीसारखाच मोठा मेनू हवा, त्यांच्यासाठी कोडी आहे. पूर्वी याचं नाव एक्सबीएमसी होतं, २०१४ मध्ये कोडी झालं. सगळे व्हिडिओ, गाणी, फोटो पडद्यावर मोठ्या चित्रांनी दिसतात आणि मोबाइलचा रिमोट म्हणून वापर करता येतो. संगणक फक्त याच कामाला ठेवायचा असेल तर लिब्रेइलेक नावाची प्रणाली घेता येते. ती सुरू झाली की थेट कोडीच उघडतं. आम्हाला टायपिंगही करायचं होतं म्हणून आम्ही मिंट आणि व्हीएलसीवर थांबलो.

आता एक मर्यादा. जुना प्रोसेसर सगळे व्हिडिओ चालवू शकत नाही. व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती असतात. त्यातली २००३ची एच २६४ पद्धत आमच्या संगणकाला झेपते. २०१३ची एच २६५ पद्धत झेपत नाही, चित्र अडखळतं. दुसरं म्हणजे चित्राचा आकार. इथे चौथीचा गुणाकार कामी येतो. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. साध्या एचडीत १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९,२१,६०० ठिपके. अर्ध्याहूनही कमी. आमच्या ३२ इंची टीव्हीचा पडदाच १३६६ गुणिले ७६८चा आहे. मग वीस लाख ठिपके पाठवून संगणकाला दमवायचं कशाला? ७२०चा व्हिडिओ ठेवला की चित्र स्वच्छ आणि संगणक गार.

टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्याच सेटिंगमध्ये चित्राचा आकार बदलून पूर्ण चित्र दिसेल असा पर्याय निवडा. प्रत्येक टीव्हीत त्याचं नाव वेगळं असतं. हे महत्त्वाचं आहे, कारण आपली वाक्यं खालच्या कडेलाच येणार आहेत.

वाक्यं लिहायची कशी

पडद्याखालच्या वाक्यांची फाइल अगदी साधी असते. कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये लिहिता येते. तिचा साचा असा:

१
००:००:०५,००० --> ००:००:०८,०००
नवरदेव आले. सगळे उठले.

पहिल्या ओळीत क्रमांक. दुसरीत वाक्य कधी दिसायला लागेल आणि कधी जाईल ती वेळ, म्हणजे तास, मिनिट, सेकंद आणि स्वल्पविरामानंतर सेकंदाचे हजारावे भाग. तिसरीत वाक्य. मग एक ओळ रिकामी आणि पुढचा क्रमांक. मी इथे आकडे देवनागरीत दिलेत, फाइलमध्ये मात्र क्रमांक आणि वेळ इंग्रजी अंकांतच लिहा. फाइलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवायचं, शेवटी डॉट एसआरटी लावायचं, आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवायच्या. जतन करताना यूटीएफ ८ हा पर्याय निवडायचा. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर व्हीएलसीच्या सबटायटल सेटिंगमध्ये जाऊन देवनागरी असलेला फाँट निवडायचा, उदाहरणार्थ नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी. दोन्ही मोफत आहेत. अक्षरांचा आकारही तिथेच वाढवता येतो. आम्ही चांगला मोठा ठेवलाय.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट मांडणी वापरली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. लहान मुलं आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

लग्नाची डीव्हीडी

पहिला व्हिडिओ कोणता लावायचा, हे ठरवावं लागलंच नाही. जुन्या संगणकाला डीव्हीडी ड्राइव्ह होता आणि कपाटात आमच्या २०१२च्या लग्नाची डीव्हीडी होती. गेली कित्येक वर्षं ती लावायला घरात यंत्रच नव्हतं. मध्यंतरीच्या काळात सासरे गेले. त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेही साठवलेला नाही.

लेकीने आजोबांना पाहिलं होतं ते फोटोतच. तिने डीव्हीडी लावली आणि आजीच्या शेजारी बसली. एका जागी आजोबा कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतात, आजूबाजूचे हसतात. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाले गं?" लेकीने कानाशी जाऊन सांगितलं. त्यांना नीट कळलं नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. मग त्यांनी नेहमीसारखं मान हलवून "बरं, बरं" केलं. ज्यांच्या घरात कमी ऐकू येणारं माणूस आहे, त्यांना हे "बरं, बरं" ओळखीचं असेल. त्याचा अर्थ कळलं असा नसतो, राहू दे असा असतो.

लेक माझ्याकडे आली. "मम्मी, आजोबा बोलले ते मी लिहिते."

माझ्या लेकीला लिहायचा कंटाळा. निबंध म्हटलं की पाच ओळी आणि "अशा प्रकारे मला पाऊस आवडतो." पण त्या रात्री ती संगणकापुढे दीड तास बसली. वीस सेकंदांचा भाग दहा-बारा वेळा मागे घेतला. बँडच्या आवाजात एक शब्द लागेना म्हणून बाबांना बोलावलं. बाबांना तो शब्द लागला, आणि ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आजीला बाहेर बोलावलं. पडद्यावर आजोबा आले आणि खाली मोठ्या अक्षरांत वाक्य आलं: "सूनबाई मास्तरीण आहे आमची. आता घरात कोणी चुकलं की पट्टी बसणार!"

सासूबाईंनी ते मोठ्याने वाचलं. वाचता वाचता हसल्या. मग म्हणाल्या, "परत लाव." आम्ही परत लावलं. चार वेळा लावलं. चौथ्या वेळी त्या पडद्याकडे न बघता पाठ बोलल्या, अगदी सासऱ्यांच्या हेलात. आणि मग लेकीला म्हणाल्या, "पण पाणीची वेलांटी काय अशी काढायची? त्या आधीच्या वाक्यात बघ."

आधीच्या वाक्यात "पाणि द्या" असं लिहिलं होतं. जुनी चौथी ती!

लेक उठली, पहिली वेलांटी दुसरी केली, फाइल जतन केली आणि व्हिडिओ पुन्हा लावला. शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार मराठीत सहसा दीर्घ असतात, "आणि"सारखे थोडे अपवाद सोडले तर, हा नियम मी तिला अनेकदा सांगितलाय. वहीत लाल पेनाने खूणही केली आहे. पण वहीतली खूण आणि आजी वाचताना अडखळते हे दिसणं, यात फरक आहे. तेव्हापासून फाइल करताना ती स्वतःच विचारते, "हे ऱ्हस्व की दीर्घ? आजी थांबेल नाहीतर."

यातून शिक्षक म्हणून काय घ्यायचं

आपण मुलांना लिहायला सांगतो, पण वाचणारं कोण असतं? आपणच. आणि आपण वाचतो ते तपासायला. "माझा आवडता प्राणी" आपल्याला आधीच माहीत असतो, तरी मूल आपल्याला सांगतं. म्हणून त्या लेखनात जीव नसतो. ज्याला खरंच काही कळलेलं नाही आणि कळायला हवं आहे, असा वाचक समोर असला की मूल शब्द शोधतं, वाक्य लहान करतं, शुद्धलेखन विचारतं. सबटायटलमध्ये तर लहान वाक्याला पर्यायच नाही. दोन ओळींपेक्षा जास्त मावत नाही आणि तीन-चार सेकंदांत ते निघून जातं. आशय कायम ठेवून कमी शब्दांत लिहिणं हा सारांशलेखनाचाच सराव झाला.

वाचनाच्या बाजूनेही याला आधार आहे. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये अशी कल्पना मांडली, की टीव्हीवर गाणं ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द खाली दाखवावेत, म्हणजे वाचन कच्चं असलेल्या लोकांना रोज नकळत सराव होईल. १९९९ मध्ये गुजरातमध्ये दूरदर्शनच्या गाण्यांच्या कार्यक्रमात ते प्रत्यक्ष आलं. भाषांतर दाखवायचं नाही, ऐकू येतो तोच शब्द दाखवायचा. ऐकलेलं आणि लिहिलेलं एकत्र आलं की अक्षर पक्कं होतं. हे आपल्याला पहिलीच्या वर्गात रोज दिसतं.

वर्गात केलेला प्रयोग

मी शिकवते ती शाळा त्र्यंबकेश्वर तालुक्यात. आपल्या चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरचाच. त्यांचा "राजा हरिश्चंद्र" ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, हे मुलं पाठ करतात. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती, हे फार जणांना ठाऊक नसतं. कुंडीत वाटाणा लावला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून त्याचं रोप कसं वाढतं ते दाखवलं. "अंकुराची वाढ" तिचं नाव. ती पाहून लोकांना त्यांच्या कामाचा भरवसा वाटला आणि पुढच्या चित्रपटासाठी पैसा उभा करायला मदत झाली.

चौथीच्या मुलांना मी ही गोष्ट सांगितली आणि म्हटलं, आपणही करूया. काचेच्या ग्लासात ओला कापूस, कडेला वाटाणे. मोबाइल एकाच जागी राहावा म्हणून दोन विटा. शाळा भरल्यावर, मधल्या सुट्टीत आणि सुटताना असे दिवसाला तीन फोटो. शाळेचे दहा दिवस म्हणजे तीस फोटो. ओपनशॉट नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते जोडले. सेकंदाला पाच फोटो दाखवले तर तीस फोटो किती सेकंदांत संपतील? सहा! दहा दिवस सहा सेकंदांत गेले म्हणून वर्ग हसत सुटला. वाक्यं वाचायला वेळ मिळावा म्हणून मग आम्ही सेकंदाला एक फोटो असा वेग ठेवला.

वाक्यं मुलांनी गटात लिहिली. वाचक कोण, ते आधी ठरवलं. पहिलीची मुलं आणि पालकसभेला येणाऱ्या आया. त्यामुळे "अंकुरण" शब्दावर गटात वाद झाला आणि शेवटी "कोंब" ठरला. वहीत फारसं काही न लिहिणारा एक मुलगा आहे. त्याने लिहिलं, "कोंब खाली गेला. त्याला आधी पाणी पाहिजे." आदिमूळ आधी खाली जातं, हे पाठ्यपुस्तकातलं विधान त्याने बघून, स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं. रविवारी फोटो निघाला नव्हता, म्हणून सोमवारच्या फोटोत रोप एकदम उडी मारून मोठं झालेलं दिसतं. तिथे मुलांनी वाक्य टाकलं, "इथे रविवार होता."

पालकसभेत ही फिल्म लावली. ज्या आया सहीपुरतंच लिहितात, त्यांच्या शेजारी त्यांची मुलं बसली आणि वाक्यं वाचून दाखवत राहिली. एका आईने मुलाच्या बोटावर आपलं बोट ठेवून शेवटचं वाक्य स्वतः वाचलं. चार शब्द होते. तिने वाचले.

थोडी काळजीची कलमं

शाळेतला जुना संगणक उघडायचा असेल तर तो जडवस्तू नोंदवहीत असतो, हे विसरू नका. मुख्याध्यापकांची परवानगी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. काढलेले सुटे भागही नोंद करून ठेवा. पूर्ण निकामी झालेले भाग उकिरड्यावर टाकू नका, त्यात शिशासारखे विषारी धातू असतात. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. असा कचरा अधिकृत संकलकाकडेच द्यावा.

काय दाखवायचं याचाही विचार हवा. प्रताधिकार कायदा १९५७च्या कलम ५२मध्ये शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता चित्रपट दाखवायला सूट आहे. गावजत्रेत पडदा लावून दाखवणं त्यात बसत नाही. भारतात चित्रपटावरचा प्रताधिकार प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. त्यामुळे १९५३चा आचार्य अत्रे यांचा "श्यामची आई" आता त्या मुदतीच्या बाहेर आहे. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळालेला हा चित्रपट चौथीच्या पुढच्या मुलांना जरूर दाखवा. मुलांचे चेहरे असलेले व्हिडिओ मात्र संगणकावरच ठेवा, पालकांना विचारल्याशिवाय कुठेही पाठवू नका.

घरी आम्ही वेळ ठरवून घेतलीय. आठवड्यातून तीन दिवस, जेवणानंतर दीड तास. संगणकावर आपण ठेवलं तेवढंच असतं. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होत नाही, मधे जाहिरात नाही. बंद करणं सोपं जातं, हा फायदा मोबाइलवर मिळत नाही. विजेचं म्हणाल तर आमचा संगणक आणि टीव्ही मिळून साधारण दीडशे वॉट धरले, तरी दीड तासाला पाव युनिटाच्या आत.

तुम्ही कुठून सुरुवात कराल?

संगणक नसला तरी अडत नाही. कोणाकडे तरी जुना लॅपटॉप असतो, त्यातल्या बऱ्याच लॅपटॉपना एचडीएमआय असतं. आणि लिहिण्यासाठी चित्रपटही लागत नाही. पाच मिनिटांचा घरचा व्हिडिओ पुरे. आजोबा नांगराची गोष्ट सांगतायत, आत्या मांडे करतेय, मामा विहिरीवर मोटर दुरुस्त करतोय. मुलाला सांगा, "हे ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी लिही." तुमच्या घरात किंवा गल्लीत असं एक माणूस नक्की असेल. त्याला आधी विचारा, त्याला काय बघायचं आहे.

सासूबाईंनी आता नवी मागणी केली आहे. त्यांच्या माहेरच्या गावी त्यांच्या बरोबरीच्या दोघी-तिघी अजून आहेत. त्यांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर घेऊन याव्यात आणि खाली शब्द लिहावेत, असं त्यांचं म्हणणं. लेकीने वही काढली आहे आणि आजीला विचारून कठीण शब्दांची यादी करते आहे. त्यातले निम्मे शब्द मलाही ठाऊक नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलंय.